मूळ कापलेली अळंबी

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला जे दोघं आले होते, त्यांनी मला "निवृत्तीनंतरची यशस्वी उद्योजिका" म्हटलं. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, खरं लिहिलं तर छापाल का? ते म्हणाले, छापू की काकू. तर आता छापा, मागाहून कुरकुर नको.

भोसरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. गाड्यांना लागणारे छोटे सुटे भाग आमच्या टेबलावर यायचे. ते मापायचे, बोटानं चाचपायचे आणि वाईट निघेल तो लाल डब्यात टाकायचा, हे माझं काम. लाल डब्यात पडलेला तुकडा परत बाहेर काढायची हिंमत सुपरवायझरलाही नव्हती, कारण मी तिथं बसलेली असायचे. माझ्या हातून खराब माल बाहेर गेला नाही, असं मी निरोप समारंभात ठणकावून बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

घरी बसल्यावर सहा महिन्यांत मला वेड लागायची पाळी आली. आमचे हे म्हणायचे, तू माझ्या पोळ्यासुद्धा मापून बघायला लागलीस. त्यात एकदा चाकणच्या आठवडी बाजारात हौसाबाई भेटली. भामनेर खोऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची ठाकरवाडी आहे. पुढ्यात सागाची पानं पसरून ती अळंबी घेऊन बसली होती. मी घेतली, घरी केली, आणि पुढच्या बाजाराला तिला शोधत गेले. असा आमचा धंदा सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अळंबी म्हणजे दुकानातल्या पारदर्शक डब्यातलं मशरूम नव्हे. ते शेडमध्ये पिकवतात. ही पावसाळ्यात डोंगरात आपली आपण उगवते, तीही वारुळावर. वाळवी खाली काहीतरी उद्योग करते आणि वर छत्र्या येतात, त्याचं शास्त्र मला विचारू नका. ती कुणाला लावता येत नाही, म्हणून तिचा भाव मटणाच्या बरोबरीनं चालतो. आयुष्य म्हणाल तर दीड दिवसाचं. पहाटे कळी, दुपारी छत्री, दुसऱ्या रात्री किडे. रानातून निघालेली अळंबी फार तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी कढईत पडली पाहिजे, एवढाच या धंद्याचा नियम.

एकदा मी हौसाबाईबरोबर रानात गेले होते. त्या एका सकाळी मी किती प्रकार पाहिले म्हणून सांगू. पिवळे, जांभळट, अंड्यासारखे गोल, लाकडाला कानासारखे चिकटलेले, पाय लागला की धूर सोडणारे. मला वाटलं, टोपली आता भरणार. बाईनं त्यातल्या चारच जातींना हात लावला. उरलेल्या सगळ्यांना तिच्याकडे एकच नाव, कुत्र्याची छत्री. वारुळावरचीही तिनं सगळी काढली नाहीत, पाच-सहा तशीच ठेवली. मी म्हटलं, अगं, ही राहिली की. तर म्हणते, "ज्याचं घर हाय त्येला नगं का?"

ती अळंबी उपटायची नाही. काठीनं वारुळाची माती उकरून, वीतभर खोल गेलेलं मूळ अख्खं बाहेर काढायची. बाजारातही जाणत्या बायका छत्रीकडे बघत नाहीत, उलटी करून मूळ बघतात आणि मग भाव विचारतात. मला मात्र ते मूळ म्हणजे चिखल वाटायचा. माझी गिऱ्हाइकं चिखलीतल्या आणि पिंपळे गुरवच्या फ्लॅटमधली. एकीनं डब्यात मुंगी निघाली म्हणून फोटो पाठवला होता. एका साहेबांनी, ही ऑरगॅनिक असल्याचं सर्टिफिकेट आहे का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, वारुळाचा शिक्का आणून देते. ते म्हणाले, चालेल.

अशा लोकांसमोर चिखलाचं मूळ कसं ठेवायचं? मी हौसाबाईला सांगितलं, मुळं कापून आण, धुऊन आण, डब्यात एकसारखी बसली पाहिजेत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मूळ न्हाई म्हनल्यावर वळखायची कशी?"

"तू ओळखतेस ना? मग झालं तर."

"मी वळखते गं बाय. घेनारा?"

"घेणाऱ्याला मी ओळखते," मी म्हटलं. फार हुशार उत्तर दिलं असं वाटलं होतं मला.

तीन पावसाळे सगळं सुरळीत चाललं. मग मागच्या वर्षीचा श्रावण आला. श्रावणात घरोघर मटण बंद, त्यामुळे अळंबीला मागणी फार. एका शनिवारच्या अकरा डब्यांची ऑर्डर मी घेऊन बसले होते. हौसाबाई आदल्या संध्याकाळी टोपली देऊन गेली, पण त्यात सातच डबे भरतील एवढी अळंबी होती. उद्या दुपारी आणखी आणते, म्हणाली. माझी गिऱ्हाइकं सकाळची.

आमच्या मागच्या चाळीत शीतल राहते. बीडकडची पोरगी, निघोज्याच्या बाजूला एका कंपनीत साफसफाईला जाते. माझे डबे भरताना ती कधीमधी हात लावायची. त्याच संध्याकाळी ती पिशवी घेऊन आली. "काकू, तुमच्या डब्यातल्यावाणीच हायेत बघा. आमच्या कंपनीच्या लॉनवर लई उगवल्यात."

मी पाहिलं. पांढरी, टपोरी, कळ्या नुकत्या फुटायला आलेल्या. तिनं माझ्या पद्धतीनं देठाचं बूड कापून, धुऊन आणलेल्या. माझ्या डब्यातल्या अळंबीशेजारी धरल्या तर बावीस वर्षं मापं घेतलेल्या डोळ्यांना फरक दिसला नाही. दिसणार कसा? फरक ज्यात होता तेच आम्ही दोघींनी कापून टाकलं होतं.

आमचे हे पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "अगं, निदान वेगळी ठेव." मी म्हटलं, तुम्ही कोडं सोडवा. आणि सगळे डबे एकसारखे दिसावेत म्हणून मी दोन्ही माल मिसळले. दोन लॉट एकत्र करायचे नाहीत, हे कारखान्यात नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायचे. सांगणारी बहुतेक वेळा मीच असायचे.

कारखान्याची एक सवय तेवढी उरली होती. प्रत्येक मालातला एक नग मी बाजूला ठेवते. का, ते माझं मलाही माहीत नाही. त्या रात्री हौसाबाईची एक आणि शीतलची एक अशा दोन छत्र्या ओट्यावर पांढऱ्या कागदावर पालथ्या ठेवल्या आणि विसरले.

सकाळी सात वाजता मी सोसायटीच्या गेटपाशी टेबल मांडते. दहा डबे ठरलेल्या लोकांनी नेले. अकराव्या डब्याच्या बाई आल्या नाहीत. तेवढ्यात रात्रपाळी करून चाललेला एक तरुण मोटरसायकल थांबवून उतरला. "काकू, ही अळंबी ना? बायको लांज्याकडची आहे. चौथा महिना चालूय, आणि रोज अळंबीचंच नाव काढते. निघोज्यात कुठं मिळणार आम्हाला?"

मला इतकं बरं वाटलं. मी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "डोंगरातली आहे. डोळे झाकून खायला घाल." नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही.

बाराच्या सुमाराला हौसाबाई आली, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देत. पाणी प्यायला ओट्यापाशी गेली आणि तिथंच थांबली. मी गेले तर तिनं दोन्ही छत्र्या उचलून धरल्या होत्या. तिच्या अळंबीखाली कागदावर छत्रीतून झडलेली फिकट गुलाबी भुकटी पडली होती. दुसरीखाली हिरवट. तिनं ती दुसरी नाकाशी नेली, रात्रीतून उमलल्यावर देठाच्या वरच्या अंगाला बांगडीसारखं कडं दिसत होतं ते नखानं उचकटलं.

"ही कुनी दिली?"

मी सांगितलं.

"ही आपली न्हाई बाय. ही कुत्र्याची छत्री. कुनी खाल्ली तर न्हाई ना?"

मी खाली बसले आणि बसल्या बसल्या मोबाइल शोधायला लागले.

कारखान्यात खराब माल बाहेर गेला की तो परत मागवायची एक रीत असते. कोणता लॉट, कुणाकडे, कितीचा, सगळं कागदावर असतं. माझ्याकडे व्हॉट्सॅपचा एक ग्रुप होता. "अळंबी खाऊ नका, टाकून द्या, खाल्ली असेल तर लगेच डॉक्टरकडे जा," एवढं मी लिहिलं, आणि मग मी अर्धी यादी, आमच्या ह्यांनी अर्धी, असे फोन लावत सुटलो. ह्यांनी त्या दिवशी मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, तेच मला जास्त लागलं. सर्टिफिकेटवाले साहेब म्हणाले, कारण लेखी द्या. मी त्यांना म्हटलं, आधी डबा कचऱ्यात घाला, मग तुमच्या दारात येऊन लिहिते. सगळ्यांनी अळंबी संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवली होती. अर्ध्या तासात दहा डबे सापडले.

अकरावा त्या मुलाचा.

मी डोळे मिटून तो आठवायला लागले. करडा टी-शर्ट, पाठीवर काहीतरी छापलेलं, वाचलं नव्हतं. हातांवर ग्रीस नव्हतं. डबा देताना वास आला होता, कूलंटचा. मशीनवर धातू कापताना जे पांढरं पाणी सोडतात त्याचा वास, तो मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे लेथचं किंवा तसलंच काम, आणि रात्रपाळी चालवणारं वर्कशॉप. चिखलीत वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, पण आमच्या गेटावरून घरी जायचं तर आमच्या मागच्या दोन गल्ल्यांतलंच असणार.

स्कूटर काढली. हौसाबाई न विचारता मागे बसली. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसत होती, माझी कंबर अशी घट्ट धरली की श्वास घेता येईना. ओट्यावरचे दोन्ही नग कागदासकट मी डब्यात घालून बरोबर घेतले.

पहिल्या वर्कशॉपात रात्रपाळी नव्हती. दुसऱ्यात सगळे पोरगे उत्तरेकडचे. तिसऱ्यात सुपरवायझर जेवत होता. मी म्हटलं, "भाऊ, रात्रपाळीला तुमच्याकडे कुणी आहे का, निघोज्याला राहतो, बायको लांज्याची, दिवस गेलेत तिला?"

तो घास हातात धरून म्हणाला, "नितीन. का हो, काय झालं?"

नितीनचा फोन बंद होता. रात्रपाळीचा माणूस दिवसा फोन बंद करूनच झोपतो. पत्ता नीट कुणालाच माहीत नव्हता, निघोज्यात मळ्यातल्या दहा खोल्या, निळे पत्रे, एवढंच. निघालो. मोशीपर्यंत ठीक होतं, पुढे कुरुळीच्या अलीकडे कंटेनरची रांग लागलेली. मी स्कूटर मातीतून, गटारीच्या कडेनं, मिळेल तिथून काढली. मागून हौसाबाई काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. नंतर कळलं, ती खाल्ल्यापासून किती वेळ झाला असेल याचा हिशेब लावत होती.

निळे पत्रे सापडले तेव्हा दीड वाजला होता. दार उघडं. आत ती मुलगी, सायली तिचं नाव, भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात बादली. चेहरा पांढराफटक. नितीन झोपेतून उठून लिंबू पिळत होता, शेजारची एक बाई आलं किसत होती.

"अहो काकू, तुम्ही?" नितीन म्हणाला. "बसा. हिचं काही नाही, चौथा महिना ना, उलट्या होतातच. आज जरा जास्त आहेत इतकंच."

शेजारीण म्हणाली, "पहिलटकरीण हाय. पडून राहू द्या. सांजच्याला बरं वाटंल."

मी दारातच उभी होते. तिथून वळून निघाले असते तर कुणालाही कधीही कळलं नसतं. लिंबू देऊन त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं असतं.

"या उलट्या दिवस गेल्याच्या नाहीत," मी म्हटलं. "माझ्या अळंबीच्या आहेत. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

नितीनच्या हातातला लिंबाचा चमचा तसाच राहिला. सायलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. नितीनसाठी राखलेली भाजी तिनं वाटीत झाकून ठेवली होती, तो उठला की वाढायची म्हणून. ती वाटी मी उचलली. हौसाबाईनं सायलीला काखेत धरून उभं केलं आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

चाकणच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. मी डबा, कागद आणि भाजीची वाटी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी किती वाजता खाल्ली, किती खाल्ली, सगळं विचारलं. सलाइन लागलं. पोटातल्या बाळाचं काय, असं नितीननं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करून सांगतो. आम्ही बाहेर बाकावर बसलो. नितीन समोर उभा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाकावरची माणसं ऐकत होती, तिथं दुसरा उद्योग काय असतो.

"डोंगरातली आहे म्हणालात," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "डोळे झाकून घाल म्हणालात. कुणी आणली होती ती?"

मी आधी बाजूला बघितलं. मग म्हटलं, "डोंगरातली नव्हती. एका कंपनीच्या लॉनवरची होती. मी न ओळखता मिसळली. चूक माझी."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चार वाजता नर्सनं त्याला आत बोलावलं. मी दाराच्या फटीतून कान देऊन उभी होते, लाज वगैरे काही वाटली नाही. आतून ते धडधडणं ऐकू आलं, भराभर, एकसारखं. डॉक्टर म्हणाले, ठोके छान आहेत, आईला दोन दिवस ठेवू. मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. लोक बघत होते, बघू देत. हौसाबाई बाकावरून हलली नाही.

सायली तिसऱ्या दिवशी घरी गेली. पुढे तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे मला वर्कशॉपच्या सुपरवायझरकडून कळलं. बारशाला बोलावणं आलं नाही, ते बरोबरच आहे. शीतलला मी काही बोलले नाही. ती बिचारी माझ्या डब्यातलं बघून शिकली होती आणि डबा मी भरलेला होता. रडून रडून तिचे डोळे सुजले, तेव्हा उलट मलाच तिची समजूत काढावी लागली. धंदा मी त्याच आठवड्यात बंद केला. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर, नेमकं काय झालं ते लिहिलं आणि ग्रुप मोडला.

हौसाबाई मात्र परत आली नाही. तिच्या नातवाला फोन लावला तर, आजी रानात गेली, एवढंच उत्तर. मला वाटलं, तिला भीती बसली असेल. किंवा कुणी तिच्यावर ढकललं असेल, तिच्या टोपलीकडे लोक पाठ फिरवत असतील. मी मनाशी ठरवलं, आपणच तिच्या शेजारी जाऊन बसायचं, येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं की त्या दिवशी हिचा काही दोष नव्हता.

यंदा पाऊस पडल्यावर चाकणच्या बाजारात गेले. हौसाबाई तिच्या जागी बसलेली, सागाची पानं, पुढ्यात अळंबी, वीतवीत मुळांसकट, मातीसकट. गिऱ्हाईक भरपूर होतं. माझी तिला काही गरज नव्हती. गर्दी ओसरेपर्यंत मी बाजूला उभी राहिले, मग तिच्यासमोर उकिडवी बसले.

"का गं आली नाहीस?" मी म्हटलं. "माझा राग आला? मुळं कापायला लावली म्हणून?"

"न्हाई."

"मग? दवाखान्यात मी सगळ्यांसमोर सांगितलं ना, चूक माझी म्हणून. तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

ती पानावरची अळंबी सारखी करत होती. सगळी नीट लावून झाल्यावर तिनं मान वर केली.

"व्हय, सांगितलंस," ती म्हणाली. "पन त्यानं कुनी आनली म्हनून इचारलं ना बाय, तवा तू पयली माझ्याकडं बघितलंस."